उद्योग आले आणि शहर वाढलं : पिंपरी-चिंचवड

‘उद्योग आले म्हणून शहर वाढलं’ हे वाक्य मुलं पाठ करतात. पण उद्योग इथंच का आले, असं त्यांना विचारून पाहा.

पिंपरी-चिंचवडमध्ये पुणे-मुंबई रस्ता, रेल्वे, पवनेचं पाणी आणि मोकळी जमीन सगळं जवळजवळ होतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली. मग वाहनांचे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपही. माझ्या मते शहर खरं वाढवलं ते या वर्कशॉपनी. लेथवाला आला की खानावळ येते, भाड्याच्या खोल्या येतात, शाळेत नवी तुकडी निघते. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महानगरपालिका.

पुढे शेजारच्या हिंजवडीत आयटी पार्क आलं. इथं मात्र ऑफिसं शहराची आणि कारभार कित्येक वर्षं ग्रामपंचायतीचाच! कारखान्याचे कामगार पाळ्यांमध्ये विभागलेले असत. ऑफिसं बरीचशी एकाच वेळी भरतात-सुटतात, म्हणून तिथली ती प्रसिद्ध ट्रॅफिक.

आणखी एक फरक वर्गात जरूर बोला. आयटीआय करून शेतकऱ्याचा मुलगा कारखान्यात लागू शकत होता. आयटी ऑफिसात बहुतेक कामांना डिग्री लागते. मग ज्यांच्या शेतावर ती इमारत उभी राहिली, त्यांच्या घरातलं कोण आत कामाला आहे, आणि कोणत्या कामाला?