अन्नात उतरणारी प्लॅस्टिकची द्रव्ये आणि त्यांचे जैवसंवेदक

ज्याचे सारे आयुष्य सातबारा व फेरफाराच्या नोंदी उतरविण्यात गेले, त्याने रसायनाच्या विषयावर लेखणी चालवावी हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु निमित्त शेजारीच घडले. आमच्या जवळच्या वाडीतील एक गृहस्थ आठ म्हशींचे दूध शहरात घरोघर घालतात. दूध निर्भेळ, पाण्याचा थेंब नाही. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने त्यांस विचारले की, तुमच्या दुधात प्लॅस्टिक उतरते की काय, हे कधी तपासले आहे काय? बिचारे आमच्याकडे येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, फॅट मोजून दाखविता येते, पाणी मोजून दाखविता येते, हे कशाने मोजू?" त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे जी माहिती मिळविली ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्लॅस्टिक हा एकजिनसी पदार्थ नव्हे. पीव्हीसी हे मूळचे कठीण असते. त्याची मऊ नळी करावयाची तर त्यात 'थॅलेट' वर्गातील तेलकट द्रव्ये मिसळावी लागतात. ही द्रव्ये प्लॅस्टिकशी पक्की जोडलेली नसतात, व स्निग्ध पदार्थाचा स्पर्श होताच त्यात उतरू लागतात. दूध काढण्याच्या यंत्राच्या अशा मऊ नळ्यांतून ती दुधात येतात, असे युरोपातील संशोधकांस पूर्वीच आढळून आले आहे. दुसरे द्रव्य बिसफेनॉल-ए. पॉलिकार्बोनेटची कडक पारदर्शक भांडी व अन्नाच्या डब्यांचे आतील लेप यांत त्याचा उपयोग होत आला आहे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्यांवरही ते असते. पावत्या हाताळण्यातच हयात गेलेल्या आमच्यासारख्यास हे वाचून किंचित दचकल्यासारखे झाले.

या द्रव्यांचा दोष असा की, ती शरीरातील संप्रेरकांची, म्हणजे ग्रंथींतून निघणाऱ्या रसांची, नक्कल करितात किंवा त्यांच्या कामात अडथळा आणितात. बिसफेनॉल-ए स्त्रीसंप्रेरकासारखे वागते, हे डॉड्स व लॉसन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३६ सालीच दाखविले होते. तरीही पुढे त्याची भांडी झाली! १९९३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील संशोधक यीस्टमध्ये असे संप्रेरक शोधीत होते. सापडले ते यीस्टचे नव्हतेच, ज्या पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या त्यांनी वाफेने तापविल्या होत्या त्यांतून उतरलेले बिसफेनॉल-ए होते.

किती मात्रा सोसते, याविषयी मात्र तज्ज्ञांत मोठा मतभेद आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ४ मायक्रोग्रॅम ही मर्यादा तात्पुरती ठरविली होती. २०२३ साली तीच ०.२ नॅनोग्रॅमवर आणिली, म्हणजे वीस हजारपटीने खाली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. पन्नास किलो वजनाच्या मनुष्यास दिवसाकाठी अवघे १० नॅनोग्रॅम! जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेस हा आकडा पटला नाही; तिने २०० नॅनोग्रॅम सुचविले. तथापि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नास लागणाऱ्या वस्तूंत हे द्रव्य वापरण्यास, काही मुदती ठेवून, बंदी केली. तान्ह्या मुलांच्या बाटल्यांतून ते आपल्या देशातही वर्ज्य झाले आहे.

इतकी सूक्ष्म द्रव्ये मोजणारी यंत्रे प्रयोगशाळांत आहेत. पण ती अतिशय महाग, चालविण्यास शिकलेला माणूस हवा, व नमुना धाडल्यावर वाट पाहणे आले. शिवाय जे शोधावयाचे ठरविले असेल तेच बहुधा सापडते. तैवानात २०११ साली पेये दाट दिसावी म्हणून घालावयाच्या मिश्रणात ताडतेलाऐवजी डीईएचपी नावाचे थॅलेट घातले जात होते. सरकारी परीक्षकांच्या ते लक्षात आले, ते दुसऱ्याच द्रव्याचा शोध चालू असता. तोवर लोक ते पीतच होते.

म्हणून घरच्या घरी, निदान गावच्या गावी, चाचणी व्हावी या हेतूने जैवसंवेदकांचा खटाटोप चालू आहे. जैवसंवेदकाचे दोन भाग: एक ओळखणारा, तो सजीवापासून घेतलेला; दुसरा सांगणारा, तो विजेचा किंवा रंगाचा. अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली ही कल्पना मांडिली. मधुमेही मनुष्य बोटाचे रक्त पट्टीवर लावून साखर पाहतो, ते यंत्र याच कुळातले.

बिसफेनॉलचा संवेदक समजण्यास स्वयंपाकघरात जावे. वांगे चिरले की फोड काळी पडते, म्हणून बायका ती पाण्यात टाकितात. वांग्यातील एक एन्झाइम, ज्यास विकर म्हणतात, ते वांग्याच्याच फिनॉल जातीच्या द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग घडविते, त्याचा हा काळेपणा. बिसफेनॉल-ए हेही फिनॉल जातीचेच. तेव्हा त्याच कुळातील टायरोसिनेज नावाचे विकर अळिंबीतून काढून कार्बनच्या लहानशा पट्टीवर बसवितात, व तीवर नमुन्याचा थेंब सोडितात. बिसफेनॉल असेल तर विकर त्याचे रूपांतर करिते. रूपांतरित द्रव्य पट्टीकडून विद्युत्कण घेते, व त्या सूक्ष्म प्रवाहावरून द्रव्य किती ते कळते.

थॅलेटांवर ही युक्ती चालत नाही, कारण ती फिनॉल नव्हेत. त्यांकरिता प्राण्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे, किंवा ठराविक द्रव्यालाच बिलगणारे डीएनएचे तुकडे योजितात. प्रतिपिंडांच्या कागदी पट्टीवर एक गोष्ट उलटी असते: द्रव्य जितके अधिक, तितकी रेघ फिकी. ठळक रेघ पाहून घाबरणारा मनुष्य येथे फसेल.

आता यातील उणिवा. फिनॉल जातीची द्रव्ये चहात आहेत, द्राक्षांत आहेत, फळांच्या रसात आहेत. विकर त्यांसही बिसफेनॉल समजून बसते. दुधातील स्निग्धांश व प्रथिने पट्टीवर थर धरितात, म्हणून दूध आधी साफ करून घ्यावे लागते. विकर उन्हाळ्यातील उष्णतेत निकामी होते. एका द्रव्यास कारखानदारांनी दुसरे द्रव्य पर्याय म्हणून घातले, तर पहिल्याकरिता केलेला संवेदक दुसऱ्यास ओळखीलच असे नाही. आणि नमुनाच प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून नेला, तर सापडलेले द्रव्य दुधाचे की बाटलीचे, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. नमुना काचेच्या बाटलीतच भरावा.

आमच्या जुन्या खात्यात नजरअंदाजाने पैसेवारी धरीत, पण वाद पडला म्हणजे पीककापणी करून धान्य तोलावे लागे. संवेदकाचा दर्जा नजरअंदाजाचा समजावा. शंभर नमुन्यांतून संशयित दहा वेगळे काढण्यास तो उपयोगी पडेल. त्या दहांचा निकाल प्रयोगशाळेनेच द्यावयाचा. केवळ पट्टीच्या रंगावरून कोणाचे दूध परत करणे हा अन्याय होईल, व केवळ तिच्यावरून शुद्धतेचा दाखला मिरविणेही तितकेच खोटे. या विषयावरील बरेचसे काम अजून प्रयोगशाळांच्या भिंतीआतच आहे, सबब कोणी विक्रेता असे यंत्र घेऊन दारी आल्यास, दुधावर याची परीक्षा कोठे झाली, हे त्यास प्रथम विचारावे.

त्या गृहस्थांस आम्ही इतकेच सांगू शकलो की, मोजणे आज तुमच्या हाती नाही, टाळणे आहे. त्यांनी यंत्राची नळी अन्नास योग्य अशा रबराची बसविली, आणि धारोष्ण दूध प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरणे सोडून स्टीलच्या किटल्या आणिल्या. मात्र आता गिऱ्हाइकास पहाटे पातेले घेऊन दाराशी यावे लागते, व ज्याने प्रथम तो प्रश्न विचारिला होता त्याचीच कुरकुर सर्वांत अधिक चालू आहे.