नगरसोल रेल्वे स्थानक

नगरसोल रेल्वे स्थानक हे महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्याच्या येवला तालुक्यात असलेले ग्रामीण रेल्वे स्थानक आहे. मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड व निजामाबादमार्गे सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अंकाई स्थानकाच्या पुढे ते येते. हे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मोडते. नाशिक जिल्ह्यातील नाशिक रोड, देवळाली, लासलगाव, मनमाड, नांदगाव ही प्रमुख स्थानके मध्य रेल्वेकडे आहेत. त्याच जिल्ह्यात असूनही नगरसोलचा कारभार नांदेड व सिकंदराबादकडून चालतो. शिर्डीस जाणाऱ्या भाविकांसाठी उतरण्याचे ठिकाण आणि कांद्याच्या रेल्वेवाहतुकीचे केंद्र म्हणून हे स्थानक ओळखले जाते.

नाव

गावाचे नाव मराठीत 'नगरसूल' असे लिहिले व उच्चारले जाते. रेल्वेच्या व्यवहारात मात्र 'नगरसोल' हे रूप रूढ आहे. त्यामुळे वृत्तपत्रांत आणि बोलण्यात दोन्ही रूपे आढळतात. वेळापत्रकात किंवा आरक्षण करताना शोध घ्यावयाचा असल्यास 'नगरसोल' हेच नाव वापरावे लागते.

इतिहास

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनमाडपर्यंत आला. पुढे १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर मनमाडला जंक्शनचे स्वरूप आले. येवला हे तालुक्याचे गाव या दुसऱ्या मार्गावर आहे. तालुक्याच्या ईशान्य भागाला रेल्वे मिळाली ती मात्र हैदराबाद संस्थानाच्या पुढाकारामुळे.

हैदराबाद संस्थानातील रेल्वे चालविण्यासाठी 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी स्थापन झाली होती. गुंतवणूकदारांच्या भांडवलावर निश्चित परताव्याची हमी संस्थानाने घेतली असल्यामुळे कंपनीच्या नावात 'गॅरंटीड' हा शब्द आला. या कंपनीने हैदराबाद ते मनमाड असा मीटरगेज मार्ग बांधला. तो 'हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे' या नावाने ओळखला जाई आणि १९०० च्या सुमारास टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला. याच काळात, १८९९–१९०० मध्ये, दख्खनवर मोठा दुष्काळ पडला होता.

या मार्गाचा बहुतांश भाग संस्थानाच्या हद्दीत होता. येवला तालुका मात्र ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात मोडत असे, तर शेजारचा वैजापूर तालुका निजामाच्या राज्यात होता. म्हणजेच नगरसोल हे ब्रिटिश हद्दीत वसलेले, परंतु निजामाच्या रेल्वेवरील स्थानक होते. मनमाडहून निघालेली गाडी येथून पुढे गेल्यावर काही अंतरातच दुसऱ्या राज्यात प्रवेश करी.

१९३० मध्ये संस्थानाच्या सरकारने कंपनीकडून ही रेल्वे ताब्यात घेतली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर ही रेल्वे भारतीय रेल्वेचा भाग झाली. १९५१ मध्ये मध्य रेल्वे विभागाची रचना झाली, तेव्हा हा मार्ग तीत समाविष्ट होता. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे अस्तित्वात आल्यावर तो तिच्याकडे गेला. २००३ मध्ये नांदेड विभाग स्थापन झाल्यापासून नगरसोल त्या विभागात आहे. स्थानकाच्या आजच्या प्रशासकीय स्थितीचे मूळ असे संस्थानकालीन आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी रेल्वेची जुनी विभागणी बऱ्याच अंशी टिकून राहिली.

रुंदीकरण

मीटरगेज मार्गावर दोन रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर, तर ब्रॉडगेजवर ते १,६७६ मिलिमीटर असते. त्यामुळे एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर धावू शकत नाही. मनमाडला प्रवाशांना गाडी बदलावी लागे. मालाची अडचण अधिक होती. वाघिणीतील पोती हमालांकरवी उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत पुन्हा भरावी लागत. यात वेळ जाई, खर्च वाढे आणि नाशवंत मालाची नासाडी होई. मुंबई इतकी जवळ असूनही मराठवाडा व येवल्याचा हा भाग रेल्वेच्या दृष्टीने दूरच राहिला होता.

मराठवाड्यातील रुंदीकरणासाठी लोकप्रतिनिधी व नागरिकांनी दीर्घकाळ मागणी केली. अखेर १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मनमाड–औरंगाबाद आणि त्यापुढील मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. त्यानंतरच नगरसोलहून देशाच्या कोणत्याही भागात माल न उतरवता पाठविणे शक्य झाले.

प्रवासी सेवा

एका खेडेगावातील स्थानक लांब पल्ल्याच्या गाड्यांचे अंतिम स्थानक असणे, हे नगरसोलचे वैशिष्ट्य होय. नरसापूर–नगरसोल एक्सप्रेस व चेन्नई–नगरसोल साप्ताहिक एक्सप्रेस या त्यांपैकी प्रमुख गाड्या आहेत. गर्दीच्या काळात दक्षिणेतून येथपर्यंत विशेष गाड्याही सोडल्या जातात.

यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण शिर्डीचे सान्निध्य. शिर्डी येथून रस्त्याने सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि आंध्र प्रदेश, तेलंगणा व तमिळनाडूतून साईभक्त मोठ्या संख्येने येतात. शिर्डीचे स्वतःचे साईनगर स्थानक २००९ मध्ये सुरू झाले, तरी नगरसोलचा वापर थांबलेला नाही. दुसरे कारण मनमाडची गर्दी. अनेक दिशांच्या गाड्या तेथे एकत्र येत असल्याने फलाट सतत व्यापलेले असतात. आलेली गाडी परतीच्या प्रवासापर्यंत उभी करण्यासाठी अलीकडचे कमी वर्दळीचे स्थानक सोयीचे ठरते.

नरसापूर गाडीला एक भौगोलिक अर्थही आहे. गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते. नरसापूर हे आंध्र प्रदेशात त्याच नदीच्या वसिष्ठ गोदावरी या शाखेच्या काठी, समुद्राजवळ वसलेले आहे. उगमाच्या जिल्ह्यातून मुखाजवळच्या गावापर्यंत ही गाडी प्रवाशांना नेते.

कांद्याची वाहतूक

येवला तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. येथील शेतीचा मोठा भाग पावसावर अवलंबून असून कांदा हे प्रमुख नगदी पीक आहे. रब्बी हंगामातील उन्हाळ कांदा चाळीत काही महिने साठवता येतो. खरिपाचा लाल कांदा व त्यानंतर येणारा रांगडा कांदा मात्र फार टिकत नाही. तो काढल्यावर लवकर विकावा लागतो. अशा वेळी दूरच्या बाजारपेठेत माल पोहोचण्यास किती दिवस लागतात, यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव अवलंबून असतो. वाहतूक अडली, तर स्थानिक बाजारात आवक साचते आणि भाव कोसळतात.

ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली ते दानापूर या मार्गावर देशातील पहिली किसान रेल्वे धावली. नगरसोलहून अशी पहिली गाडी जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे लाल कांद्याच्या हंगामातच, आसाममधील न्यू गुवाहाटीकडे कांदा घेऊन रवाना झाली. एरवी रेल्वेने माल पाठविण्यासाठी संपूर्ण मालगाडी भरेल इतका माल लागतो आणि ते मोठ्या व्यापाऱ्यांनाच परवडते. किसान रेल्वेत अनेक जणांचा थोडाथोडा माल एकत्र पाठविण्याची मुभा होती आणि फळे व भाजीपाल्याच्या भाड्यात केंद्र सरकारकडून ५० टक्के सवलत दिली जाई. ईशान्य भारतात कांद्याचे उत्पादन कमी असल्याने तेथील बाजारपेठ या भागासाठी महत्त्वाची आहे.

मर्यादा व विस्तार

हा मार्ग दीर्घकाळ एकेरी राहिला. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांपैकी एकीला स्थानकातील बाजूच्या रुळावर थांबवून दुसरीला वाट द्यावी लागते. या 'क्रॉसिंग'मुळे गाड्यांना उशीर होतो आणि नव्या गाड्या वाढविण्यावर मर्यादा येते. मार्गाचे विद्युतीकरण अलीकडच्या काळात झाले आहे. अंकाई ते छत्रपती संभाजीनगर या सुमारे ९८ किलोमीटरच्या टप्प्याचे दुहेरीकरणही मंजूर झालेले आहे. दुहेरीकरणानंतर प्रवासी गाड्यांना वाट देण्यासाठी मालगाड्या ताटकळत ठेवण्याची गरज कमी होईल. त्यामुळे कांद्याच्या वाहतुकीच्या दृष्टीने या कामाला विशेष महत्त्व आहे.

परिसर

स्थानकाच्या मनमाडकडील बाजूस अंकाई–टंकाई ही किल्ल्यांची जोडी आहे. टंकाईच्या पायथ्याशी जैन लेणी आहेत. पैठणीसाठी प्रसिद्ध असलेले येवला हे जवळचे शहर आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथील परिषदेत धर्मांतराची घोषणा केली होती. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचा जन्मही येवल्याचा मानला जातो.