वीस महिन्यांची बाकी

८ एप्रिल २०२० रोजी सिंगापूरच्या शाळा आमच्या घरांत आल्या. बेडोकमधील आमच्या एचडीबीच्या लहानशा घरात जेवणाच्या टेबलाचे एक टोक जानेवारीतच प्रायमरी वनमध्ये दाखल झालेल्या मुलाला मिळाले. दुसऱ्या टोकाला आम्हा दोघांपैकी ज्याची मीटिंग असेल तो बसे आणि उरलेला स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभा राही. सहाच दिवसांनी भीमजयंती होती. आपल्या गटाने ती प्रथमच पडद्यावर साजरी केली. त्रिशरण-पंचशील म्हणताना प्रत्येक घरचा आवाज निराळ्या क्षणी पोहोचत होता आणि गाथा एकमेकींवर आदळत होत्या, हे अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी अकोला जिल्ह्यातील आमच्या गावाहून थोरल्या दादांची मुलगीही फोनवर आली होती. कपाळाला निळी पट्टी बांधून ती आमच्या मुलाला सांगत होती, की जूनमध्ये आपणही पहिलीत जाणार.

त्या दोघांच्या वयात फरक काही महिन्यांचा. पुढील दोन वर्षांत त्यांच्या वाट्याला आलेल्या शाळेत जो फरक पडला, त्याचा हिशेब आम्ही अजून करीत आहोत.

मुलाचा हिशेब लवकर उरकतो. ४ मेपर्यंत घरून शिक्षण, मग जूनची सुट्टीच पुढे ओढून ५ मे ते १ जून अशी दिलेली, जूनमध्ये आठवड्याआड शाळा आणि २९ जूनपासून रोज. २०२१ च्या मे महिन्यात दहा दिवस आणि सप्टेंबरअखेरीस पुन्हा थोडे दिवस घरी. सारे मिळवले तरी बुडालेली शाळा जेमतेम दोन महिन्यांची. ज्यांच्याकडे साधन नव्हते त्यांना शाळांनी लॅपटॉप, टॅबलेट उसने दिले आणि ज्यांचे आईवडील रुग्णालयात वा अन्य अत्यावश्यक कामावर होते, त्या मुलांसाठी वर्गही उघडे ठेवले. मुलाला सात वर्षांचा असतानाच चष्मा लागला, आणि अनोळखी मुलांच्या घोळक्यात जाताना तो अजूनही दारात क्षणभर थबकतो. हे आम्ही किरकोळ मानत नाही. पण गावाकडचे पारडे समोर ठेवले की त्याविषयी बोलायला संकोच वाटतो.

महाराष्ट्रात शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद झाल्या. वरचे वर्ग मधूनमधून उघडले, पुन्हा मिटले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, म्हणजे वीस महिने उलटून गेल्यावर. जानेवारीत ते पुन्हा बंद झाले आणि २४ तारखेपासून परत सुरू होऊ लागले. आमची पुतणी पहिलीत गेली, पहिली उत्तीर्ण झाली, दुसरीत गेली, आणि या सर्व काळात तिने शाळेचे दार उघडे पाहिलेच नव्हते. युगांडासारख्या देशात शाळा जानेवारी २०२२ पर्यंत बंद राहिल्या, तेव्हा जगात याहून दीर्घ उदाहरणे आहेत. तरी ज्या मुलाला अजून अक्षरओळख व्हायची आहे त्याचे वीस महिने आणि दहावीतल्या मुलाचे वीस महिने ही एकाच मापाने मोजण्याची गोष्ट नव्हे.

आम्ही काय केले? टॅबलेट पाठवला. आमचे पोट सॉफ्टवेअरवर चालते. साधन आणि इंटरनेट पोहोचले की शिक्षण पोहोचले, असा आमचा मनोमन विश्वास होता. राज्य शासनानेही 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असेच म्हटले होते. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली होती, तिची वेळही आम्ही दादांना कळवली. दर रविवारी फोनवर विचारायचो, "अभ्यास चालू आहे ना?" पलीकडून उत्तर यायचे, "हो काका." यापुढे आम्ही काही विचारले नाही. २४ एप्रिल २०२१ पासून भारतातून सिंगापूरला येण्याची वाट बंद झाली. दुसऱ्या लाटेत आपल्या गटातील दोन घरांनी वडिलांचे अंत्यदर्शन पडद्यावर घेतले. त्या दिवसांत पुतणीच्या वाचनाची चौकशी करणे कोणाला सुचणार होते?

गावी जाणे झाले ते २०२२ च्या जूनच्या सुट्टीत. दोन वर्षांनी दारात उतरलो, आईला भेटलो, आणि संध्याकाळी पुतणीने पुस्तक आणले. बालभारतीचे दुसरीचे पुस्तक उघडून तिने एक धडा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. एकही अडखळ नाही. आम्ही कौतुक केले. मग सहज लक्ष गेले, की तिचे बोट एका ओळीवर आहे आणि तोंडात तिसऱ्या ओळीचे शब्द. पान उलटून दुसरा धडा वाच म्हटले, तर ती गप्प झाली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "काका, ह्याचा आवाज फोनवर नाई आला." गुरुजी धडे वाचून त्याची ध्वनिफीत गटावर पाठवीत. शेजारच्या फोनवर ऐकून पोरीने धडेच्या धडे पाठ केले होते. वाचता तिला एक शब्द येत नव्हता. 'शाळा' हा शब्द तिला ओळखता आला, तो पुस्तकाच्या पाठच्या बाजूला नेहमी त्याच जागी छापलेला असतो म्हणून.

टॅबलेट कपाटात, साडीच्या घडीत होता. फुटेल या धाकाने वहिनींनी जपून ठेवला होता; मोठा मुलगा नववीत होता, परीक्षेपुरता तोच काढी. यात वहिनींचा दोष काढणाऱ्याने त्या टॅबलेटची किंमत त्यांच्या रोजीशी ताडून पाहावी. खरी उणीव साधनाची नव्हतीच. दादा आठवीपर्यंत शिकले. पुढे धाकट्या भावाला नवोदयला पाठवायचे म्हणून त्यांनी शाळा सोडली आणि मजुरी धरली. तो धाकटा भाऊ आज बेडोकमध्ये बसून हे लिहितो आहे. वहिनींना सही करता येते. दिवसभर रानात राबून आल्यावर मुलीच्या शेजारी बसून 'क'ला काना लावून देईल असे त्या घरात कोणी नव्हते.

आपण दर जयंतीला सांगतो, की परळच्या डबक चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदार भीमरावांना पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत. ती खोली किती लहान होती, दिवा किती मिणमिणता होता, हे सांगताना आपला कंठ दाटतो. पण रामजी स्वतः शिकलेले होते, लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते, ही बाजू आपण घाईने ओलांडतो. त्या खोलीत दारिद्र्य होते, पण पुस्तक वाचू शकणारा बापही होता. आपल्या समाजातील बहुसंख्य घरांना असा बाप मिळाला नाही. त्यांच्यासाठी रामजींचे काम गावच्या शाळेनेच केले. शाळा बंद झाली तेव्हा शिकलेल्या घरातील मुलाची इमारत गेली. आमच्या पुतणीचा वाचणारा माणूसच गेला.

हे केवळ आमच्या घराचे गाऱ्हाणे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा, निराली बाखला आणि विपुल पैकरा यांच्या समन्वयाने महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमध्ये सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले होती अवघी ८ टक्के. त्यातही अनुसूचित जाती-जमातींची ४ टक्के आणि इतरांची १५ टक्के. एकाच गावात, एकाच गरिबीत, जातीनुसार जवळपास चौपट अंतर. बाबासाहेबांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले होते. इथे कोणीच कोणाला वेगळे बसवले नाही, तरी मुले वेगळी बसली.

हा अन्याय ज्यांना दिसला त्यांनी हातपाय हलवले, हेही नोंदले पाहिजे. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या सुमारे तीनशे भिंतींवर धडे रंगवले. मुलांनी अंतर ठेवून गल्लीत उभे राहायचे आणि भिंत वाचायची. पालघर जिल्ह्यातील दांडवळसारख्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिक्षेपक घेऊन 'बोलकी शाळा' चालवली. ना फोन, ना डेटा. भिंतीवरचा धडा दिवसभर तिथेच राहतो, येताजाता डोळ्यांखालून जातो, आणि तो साडीच्या घडीत ठेवता येत नाही. आम्ही अभियंते म्हणवतो, पण ही युक्ती आम्हाला सुचली नव्हती.

आता पुष्कळजण म्हणतात, की ते सारे भरून निघाले. आकडे पाहिले तर त्यात तथ्य आहे. 'असर'च्या ग्रामीण पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले देशभरात २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ झाली. पण २०२४ मधील तिसरीची मुले शाळा उघडल्यावर पहिलीत आलेली आहेत. त्यांनी बंद दार पाहिलेच नाही. २०२० साली पहिलीत गेलेली मुले पाहायची तर २०२४ मधील पाचवी पाहावी लागते. तिथे आकडा ४८.८ आहे, २०१८ च्या ५०.५ च्या जवळ. ही चढण गावोगावच्या गुरुजी-बाईंनी चढवून आणली, त्याचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. मात्र याचा अर्थ असाही, की पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. ती मुले कोणत्या वस्तीची असतील, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आणि याच मुलांपुढे परीक्षा आल्या. २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला. लहानांना तर वर्गोन्नतीच मिळत गेली. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आणली. आमच्या पुतणीची पिढी बरोबर २०२४-२५ मध्ये त्या पाचवीत पोहोचली. नवोदयची प्रवेशपरीक्षाही त्याच वर्षी. ज्या शिडीवरून आम्ही चढून आलो, तिच्या पहिल्या पायरीशी ही मुले पोहोचली तेव्हा त्यांचे दोन वर्षांचे वाचन मागे राहिलेले होते. पुतणी पाचवी उत्तीर्ण झाली. नवोदयला ती बसली, निवड झाली नाही. दादांनी फोनवर फक्त एवढेच विचारले, "तुह्या वेळी परीक्षा सोपी होती काय रे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

झळ बेडोकमध्येही लागली, ती आयांना. आपल्या गटातील एका ताईंनी २०२० मध्ये मुलांचे घरचे वर्ग सांभाळण्यासाठी नोकरी सोडली. वर्षभराने परत जाऊ, असा विचार होता. पण १ मे २०२१ पासून डिपेंडंट्स पासवर असलेल्यांना नोकरीसाठी 'लेटर ऑफ कन्सेन्ट' पुरेनासे झाले, स्वतःचा वर्क पास आवश्यक ठरला. तो देऊ शकेल असे काम त्यांना आजवर मिळालेले नाही. एम.एस्सी. झालेल्या, घराण्यात पहिल्यांदा पदव्युत्तर झालेल्या बाईची नोकरी दोन महिन्यांच्या बंद शाळेने गेली. बंद शाळेची चर्चा करताना ही बाजू आपणही सहसा धरत नाही, आणि आपल्या बैठकांत पुरुषच अधिक बोलतात हे त्याचे एक कारण असावे.

त्याच ताईंनी ऑक्टोबर २०२२ मध्ये रविवारचे वाचन सुरू केले. पद्धत साधी आहे. एक मोठा माणूस आणि एक मूल, व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटे, समोर एकच पुस्तक दोन्हीकडे. मुलाने बोट ठेवून वाचायचे, मोठ्याने ऐकायचे, घाई करायची नाही. आठ मुलांपासून आरंभ झाला. आज पाच आहेत. एकाचे आईवडील वीटभट्टीवर गेले आणि नंबर लागेनासा झाला. एका मुलीच्या घरी फोन आजोबांच्या हातचा निघाला आणि तो त्यांनी देणे बंद केले. तिसऱ्याला कंटाळा आला, तेही खरे कारण आहे.

एक गोष्ट आम्ही ठरवली नव्हती. आमचा मुलगा शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी शिकला, कारण इथल्या शाळांत मराठी हा विषय नाही. त्याचे मराठी वाचन दुसरीच्या मुलाएवढेच. एका रविवारी आम्हाला उशीर झाला म्हणून तो फोनसमोर बसला, आणि जोडाक्षरावर अडला. पलीकडून पुतणीचा आवाज आला, "थांब, घाई करू नको, बोट ठेव." तेव्हापासून ती दोघे आळीपाळीने वाचतात. त्याने गेल्या वर्षी पीएसएलई दिली, यंदा तो माध्यमिक शाळेत गेला. ती सहावीत आहे. तिची दहावीची परीक्षा मार्च २०३० मध्ये असेल.

वाचनाची वेळ आपल्याकडे रात्री साडेआठ, गावी संध्याकाळचे सहा. तीन नव्या मुलांची नावे गावातील विहाराच्या उपासकांनी कळवली आहेत, पैकी दोन आठवीत आहेत आणि त्यांना पाचवीचे पुस्तक जड जाते. त्यांच्यासाठी आणखी तीन मोठी माणसे हवी आहेत. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पुढील वंदनेनंतर ताई नावे लिहून घेणार आहेत.