संपूर्ण-धान्य बिअरनिर्मिती

संपूर्ण-धान्य बिअरनिर्मिती ही घरगुती स्तरावर बिअर तयार करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत तयार माल्ट-अर्काऐवजी भरडलेले माल्ट, हॉप्स, पाणी आणि यीस्ट या मूळ घटकांपासून बिअर बनवली जाते. घरी बिअर बनवणारे बहुतेक जण प्रारंभी तयार संच वापरतात. त्यानंतर ते टप्प्याटप्प्याने या पद्धतीकडे वळतात. हा बदल मुख्यतः उपकरणांचा नसून निर्णयांचा असतो. संचात जे निर्णय उत्पादकाने आधीच घेतलेले असतात, ते एकेक करून बनवणाऱ्याच्या हाती येतात.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती वापराच्या बिअरसाठी असलेली परवान्याची अट रद्द करण्यात आली. त्यानंतर तेथे माल्ट-अर्काचे डबे व संच सर्रास विकले जाऊ लागले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यानंतरही घरी बिअर बनवणे संघराज्याच्या कायद्यानुसार अवैधच राहिले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही स्थिती बदलली. हा कायदा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. १९७८ मध्येच कॉलोराडो राज्यातील बोल्डर येथे चार्ली पपाझियन यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. पपाझियन यांचे 'द कंप्लीट जॉय ऑफ होमब्रुइंग' हे १९८४ चे पुस्तक या छंदाचे प्रमुख मार्गदर्शक मानले जाते. कॅलिफोर्नियातील चिको येथे घरगुती बिअरनिर्मितीच्या साहित्याचे दुकान चालवणारे केन ग्रॉसमन यांनी पुढे सिएरा नेवाडा ही बिअर कंपनी उभी केली.

तयार संच आणि त्याच्या मर्यादा

नेहमीच्या संचात हॉप्स मिसळलेल्या दाट माल्ट-अर्काचा सुमारे दीड ते पावणेदोन किलोचा डबा आणि कोरड्या यीस्टची पुडी असते. अर्कात साधारण १ किलो साखर व पाणी मिसळून सुमारे २३ लिटर द्रव तयार केला जातो. त्यात यीस्ट घातले की किण्वन सुरू होते. धान्यातील स्टार्चचे शर्करेत रूपांतर आणि हॉप्सचा कडवटपणा या दोन्ही गोष्टी कारखान्यातच पूर्ण झालेल्या असतात.

या सोयीसोबत काही मर्यादाही येतात. साध्या साखरेचे प्रमाण अधिक असल्यास बिअर पातळ व निःसत्त्व लागते. अर्क जुना झाल्यास त्याचा रंग गडद होतो आणि चव शिळी वाटते. यीस्टची पुडी अनेकदा ५ ते ७ ग्रॅमची असते, तर स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या पुड्या सुमारे ११ ग्रॅमच्या असतात. तथापि, संचातून बनलेल्या बिअरमध्ये जाणवणारे अनेक दोष अर्कातून येत नाहीत, तर किण्वनाच्या तापमानातून येतात. हा दोष दूर न करता धान्याकडे वळल्यास तेच दोष अधिक श्रमाने पुन्हा निर्माण होतात.

यीस्ट व तापमान

त्यामुळे पहिली सुधारणा बहुधा तापमान-नियंत्रणाची असते. एल प्रकारचे यीस्ट साधारणपणे १८ ते २२ अंश सेल्सिअस, तर लागर प्रकारचे यीस्ट ८ ते १३ अंश सेल्सिअस तापमानाला उत्तम काम करते. किण्वनात उष्णता बाहेर पडते. परिणामी पिंपातील द्रव खोलीच्या तुलनेत काही अंशांनी अधिक उष्ण असू शकतो. तापमान फार वाढल्यास यीस्ट फळांच्या वासाची एस्टर-संयुगे आणि झोंबणारी जड अल्कोहोले अधिक प्रमाणात तयार करते.

यासाठी थर्मोस्टॅट लावलेला जुना फ्रिज वापरला जातो. तो नसल्यास पिंप पाण्याच्या टबात ठेवून त्याभोवती ओले कापड गुंडाळतात. माठातील पाणी ज्या बाष्पीभवनाने गार होते, तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. किण्वन अर्धवट राहिल्यास हिरव्या सफरचंदासारखा वास (ॲसिटाल्डिहाइड) किंवा लोण्यासारखा वास (डायॲसिटिल) उरतो. यीस्टला आणखी काही दिवस दिल्यास हे दोष बहुधा कमी होतात.

संक्रमणाचे टप्पे

संचाकडून संपूर्ण धान्याकडे जाताना पुढील टप्पे आढळतात:

१. साखरेऐवजी हॉप्सविरहित माल्ट-अर्क वापरणे आणि यीस्ट स्वतंत्रपणे निवडणे.
२. हॉप्सविरहित अर्क उकळून त्यात स्वतः हॉप्स घालणे. या टप्प्यावर कडवटपणा व सुगंध बनवणाऱ्याच्या नियंत्रणात येतो.
३. अर्काला जोड म्हणून २५० ते ५०० ग्रॅम विशेष माल्ट सुमारे ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवणे. यामुळे रंग व ताज्या धान्याची चव मिळते.
४. अंशतः अर्क व अंशतः धान्य वापरणे.
५. अर्क पूर्णपणे वगळणे.

शेवटच्या टप्प्यासाठी 'पिशवी पद्धत' लोकप्रिय आहे. ऑस्ट्रेलियातील हौशी निर्मात्यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत मोठ्या पातेल्यात बारीक जाळीची कापडी पिशवी लावून त्यात माल्ट मुरवतात आणि नंतर पिशवी उचलून निथळतात. त्यामुळे वेगळ्या गाळणपात्राची गरज राहत नाही.

मॅशिंग

भरडलेले माल्ट गरम पाण्यात मुरवण्याच्या क्रियेस मॅशिंग म्हणतात. बार्लीला मोड आणताना तयार झालेली विकरे या वेळी स्टार्चचे विघटन करतात. बीटा अमायलेझ हे विकर ६० ते ६५ अंशांच्या आसपास अधिक सक्रिय असते व किण्वनक्षम माल्टोज तयार करते. अल्फा अमायलेझ ७० अंशांच्या जवळपास अधिक प्रभावी ठरते. त्याच्या क्रियेतून लांब साखळीची डेक्स्ट्रिनेही उरतात, जी यीस्टला पचत नाहीत. म्हणून ६४ अंशांवर मॅशिंग केलेली बिअर हलकी व कोरडी, तर ६९ अंशांवर केलेली भरदार लागते. प्रक्रियेस साधारण एक तास लागतो आणि मिश्रणाचा सामू ५.२ ते ५.६ दरम्यान राखला जातो.

सुमारे २० लिटर मध्यम तीव्रतेच्या बिअरसाठी ४ ते ५ किलो माल्ट लागते. दर किलो माल्ट साधारण १ लिटर पाणी शोषून ठेवते आणि तासाभराच्या उकळीत ३ ते ४ लिटर पाण्याची वाफ होते. त्यामुळे एकूण २८ लिटरांच्या आसपास पाणी घ्यावे लागते.

उकळणे आणि हॉप्स

मॅशिंगनंतर गाळलेल्या गोड द्रवास वर्ट म्हणतात. तो ६० ते ९० मिनिटे उकळला जातो. उकळीमुळे जंतू मरतात, प्रथिने गोळा होऊन खाली बसतात आणि उकडलेल्या मक्यासारखा वास देणारे डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जाते. त्यामुळे पातेले पूर्ण झाकले जात नाही. हॉप्समधील अल्फा आम्लांचे दीर्घ उकळीत रूपांतर होऊन ती कडू व विद्राव्य बनतात, मात्र सुगंधी तेले उडून जातात. म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स उकळीच्या आरंभी, तर सुगंधासाठीचे अखेरीस घालतात. नंतर तांब्याच्या किंवा स्टीलच्या वेटोळ्यातून थंड पाणी खेळवून वर्ट लवकर गार केला जातो आणि यीस्ट घालण्यापूर्वी त्यात हवा मिसळली जाते. किण्वन सुरू झाल्यावर मात्र हवेचा संपर्क टाळावा लागतो, कारण ऑक्सिजनमुळे बिअर शिळी होते.

पाणी

अर्क वापरताना पाण्यातील क्षारांचा फारसा विचार करावा लागत नाही. मॅशिंगमध्ये मात्र त्यांचा परिणाम होतो. पिल्झेन येथील मृदू पाणी फिकट लागरला, तर इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंटचे सल्फेटयुक्त पाणी हॉप्सप्रधान एलला अनुकूल ठरले. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे औषधासारखी चव येऊ शकते. ते घालवण्यासाठी अत्यल्प प्रमाणात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात.

मोजमाप व सुरक्षितता

किण्वनाची प्रगती हायड्रोमीटरने मोजली जाते. प्रारंभिक व अंतिम सापेक्ष घनतेतील फरकास १३१.२५ ने गुणल्यास अल्कोहोलचे आकारमानी प्रमाण अंदाजे मिळते. उदाहरणार्थ, १.०४८ वरून १.०१२ पर्यंत घट झाल्यास हे प्रमाण सुमारे ४.७ टक्के येते.

सलग दोन-तीन दिवस घनता स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरणे धोक्याचे असते. उरलेल्या शर्करेचे बाटलीत किण्वन होऊन दाब वाढतो आणि काच फुटून गंभीर इजा होऊ शकते. फेसासाठी बाटलीत साधारणपणे दर लिटरला ५ ते ७ ग्रॅम साखर पुरेशी असते. उकळीनंतर वर्टला स्पर्श करणारे प्रत्येक साधन आधी स्वच्छ व नंतर निर्जंतुक करणे आवश्यक असते. वीस-पंचवीस लिटर उकळता द्रव हाताळताना भाजण्याचा धोकाही असतो.

कायदेशीर स्थिती

घरी बिअर बनवण्यास सर्वत्र परवानगी नाही. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७९ लिटर) आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन बिअर विक्रीविना बनवता येते. अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी २०१३ मध्ये ही मुभा दिली. जपानमध्ये १ टक्का किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय विनापरवाना बनवता येत नाही. भारतात मद्य हा राज्यसूचीतील विषय आहे. महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करणे हा दंडनीय गुन्हा आहे.