विनापरवाना प्लॉट आणि दस्तनोंदणीची नाडी

घरबांधणीच्या परवानगीविरुद्ध कोर्टात जायचे, तर आधी परवानगीचा निर्णय तरी झालेला असावा लागतो. इंग्लंडमध्ये एखाद्या वसाहतीला मंजुरी मिळाली, की तिला आव्हान देण्याची मुदत साधारण सहा आठवडे असते. वसाहत हवी की नको यात न्यायाधीश पडत नाहीत, मंजुरी कायद्याला धरून दिली का एवढेच तपासतात. तमिळनाडूतल्या एका गाजलेल्या खटल्यात मात्र आव्हान द्यायला मंजुरीच नव्हती. ती न घेताच शेतांचे प्लॉट पडले होते आणि राज्यभर त्यांची रीतसर खरेदीखते होत होती.

हा प्रश्न तिरुविडैमरुदूरसारख्या भागात किती जिव्हाळ्याचा आहे, हे त्याची जमीन पाहिली की कळते. कुंभकोणमजवळचे हे गाव मराठी इतिहासाला परके नाही. 1798 मध्ये तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंह राजे इथे येऊन राहिले. सभोवार कावेरीच्या पाण्यावरची भातशेती आहे. अशा जमिनीवर एकदा घरे उभी राहिली, की ती पुन्हा शेतीला मिळत नाही. पाण्याचे पाटही बुजतात.

कायदा नव्हता असे नाही. 1971 च्या नगररचना कायद्यानुसार शेताचे प्लॉट पाडण्यापूर्वी लेआउट मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात रस्ते, गटारे आणि मोकळ्या जागा दाखवाव्या लागतात. प्रत्यक्षात ‘पंचायत अप्रूव्हड’ एवढ्या शिफारशीवर प्लॉट विकले जात. नगररचना विभागाची तांत्रिक मंजुरी नसेल, तर पंचायतीच्या शिक्क्याला अर्थ नाही, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नसे. निबंधक मुद्रांक शुल्क घेऊन दस्त नोंदवी. लेआउट मंजूर आहे का, हे पाहणे त्याच्या कामात धरलेलेच नव्हते.

वकील ‘एलिफंट’ जी. राजेंद्रन यांच्या जनहित याचिकेत मद्रास हायकोर्टाने नेमकी हीच नाडी धरली. मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने 9 सप्टेंबर 2016 रोजी विनापरवाना लेआउटमधल्या प्लॉटची आणि त्यांवरच्या घरांची दस्तनोंदणी थांबवली. एकेका लेआउटचा पाठलाग करत बसण्यापेक्षा हा उपाय कितीतरी परिणामकारक होता. पण त्याची झळ विकून मोकळ्या झालेल्या दलालाला नव्हे, तर ज्यांच्या नावावर प्लॉट होता त्यांना बसली. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी प्लॉट विकायचा म्हटले, तरी दस्त होईना.

सरकारने नोंदणी कायद्यातले विनापरवाना प्लॉटची नोंदणी रोखणारे 22-अ कलम 20 ऑक्टोबर 2016 पासून लागू केले आणि मे 2017 मध्ये नियमितीकरणाचे नियम आणले. 20 ऑक्टोबर 2016 पर्यंत विक्री सुरू झालेले लेआउट शुल्क भरून नियमित करण्याची वाट त्यामुळे खुली झाली. प्लॉटधारकांसाठी ती आवश्यकच होती. मात्र लेआउटमध्ये सोडलीच नव्हती ती बाग किंवा मैदान पैसे भरून परत येत नाही. कावेरी खोऱ्यासाठी 2020 मध्ये झालेला संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदाही इथे उपयोगी पडत नाही. त्याची बंदी तेल-वायू उत्खनन आणि धातू वितळवण्याच्या कारखान्यांसारख्या उद्योगांवर आहे, घरांच्या प्लॉटवर नाही.

महाराष्ट्रात हेच दुखणे गुंठेवारी या नावाने ओळखले जाते. नियमितीकरणाचा कायदा इथे 2001 मध्येच झाला. जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून तुकड्यांचे दस्त रोखले, तेव्हा मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे 2022 मध्ये ते रद्द ठरवले. मद्रासला कोर्टाने नोंदणी थांबवली होती, इथे थांबवलेली सुरू करायला सांगितली. दोन हायकोर्टांच्या निर्णयांत एवढे अंतर असताना केवळ दस्त झाला म्हणून प्लॉट कायदेशीर समजणे धोक्याचे आहे. इसार देण्यापूर्वी मंजूर लेआउटचा क्रमांक मागावा आणि तो नगररचना कार्यालयात स्वतः जाऊन पडताळून घ्यावा.