स्लायडर सरकवा, आलेख हलवा : कर्ज घेण्याआधी धंदा स्क्रीनवर चालवून बघा

या व्हिडिओत आपण मोबाइलवर चालणारं एक छोटं पान बनवलं. त्यात पाच स्लायडर आणि दोन पट्ट्या आहेत. स्लायडर बोटाने सरकवला की पट्ट्या तिथल्या तिथे लहान-मोठ्या होतात. कोड टाइप करताना व्हिडिओत दाखवलाच आहे. ते का चालतं, कुठे अडतं आणि धंद्यात त्याचा उपयोग काय, हे इथे सविस्तर लिहितोय.

हिशोब कागदावर होतो, मग हे कशाला?

कागदावर एका वेळी एकच हिशोब होतो. दर ₹३० ऐवजी ₹२५ केला तर सगळं पुन्हा मांडावं लागतं, म्हणून माणूस दोनदा मांडतो आणि तिसऱ्यांदा अंदाज करतो. हीच अडचण डॅन ब्रिकलिन या हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधल्या विद्यार्थ्याला दिसली होती. फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्यातून १९७९ साली व्हिसिकॅल्क हा स्प्रेडशीट प्रोग्राम आला. आजच्या एक्सेलचा तो पूर्वज. आपला स्लायडर त्याच्याच पुढची पायरी आहे. आकडा टाइपसुद्धा करायचा नाही, नुसता सरकवायचा.

आपलं उदाहरण : मसाला कांडप

समजा बोरी अरबमध्ये मिरची-हळद कांडपाची मशीन टाकायची आहे. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका.

- कर्ज ₹२,००,०००, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत ३६ महिने. हप्ता येतो ₹६,६४३.
- गाळ्याचं भाडं ₹३,०००.
- कांडपाचा दर किलोला ₹३०. त्यात वीज, मजुरी, पिशवी मिळून ₹१२ जातात. हातात उरतात ₹१८.
- महिन्याला काम ६०० किलो.

मुद्रा योजनेत ₹५०,००० पर्यंत शिशु आणि त्यापुढे ₹५ लाखांपर्यंत किशोर गट आहे. म्हणून कर्जाचा स्लायडर ₹५०,००० ते ₹५ लाख ठेवला. बाकीचे चार स्लायडर मुदत, भाडं, दर आणि किलो यांचे.

वरची पट्टी म्हणजे हातात उरलेले पैसे : ६०० × १८ = ₹१०,८००. खालची पट्टी म्हणजे द्यावेच लागणारे पैसे : हप्ता आणि भाडं मिळून ₹९,६४३. वरची पट्टी खालचीपेक्षा आखूड झाली की लाल होते. बस, एवढंच चित्र.

'लाइव्ह' होण्याची किल्ली

स्लायडर ब्राउझरला दोन प्रकारे खबर देतो. 'चेंज' ही खबर बोट उचलल्यावर मिळते. 'इनपुट' ही खबर बोट सरकत असतानाच सतत मिळत राहते. आपल्याला 'इनपुट' लागतं. बरेच जण 'चेंज' लावतात आणि मग म्हणतात, आलेख अडकत अडकत चालतो.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. हिशोब करणारं फंक्शन एकच ठेवा. पाचही स्लायडर त्यालाच हाक मारतील. ते पाचही आकडे नव्याने वाचेल, हिशोब करेल आणि मग पट्ट्या काढेल. पान उघडल्यावरही त्याला एकदा हाक मारा, नाहीतर सुरुवातीला पट्ट्या रिकाम्या दिसतील.

२. स्लायडरमधून येणारा आकडा खरं तर मजकूर असतो. तो आधी 'नंबर' करून घ्या. नाहीतर ६६४३ आणि ३००० यांची बेरीज ९६४३ न येता दोन्ही एकमेकांना चिकटून ६६४३३००० होतात!

३. पट्टीचं माप पक्कं ठेवा. आपण पूर्ण रुंदी म्हणजे ₹४५,००० धरली. दर वेळी मोठ्या पट्टीप्रमाणे माप बदललं, तर तोट्यातही चित्र भरलेलंच दिसतं. डोळ्याची फसवणूक इथेच होते.

४. स्लायडरशेजारी आकडा मोठ्या अक्षरात दाखवा. बोटाखाली तो झाकला जाऊ नये.

आता सरकवून बघा

भाडं ₹५०० ने वाढवा, म्हणजे एक षष्ठांश. शिल्लक ₹१,१५७ वरून ₹६५७ होते. पट्टी जेमतेम हलते. आता भाडं जागेवर आणा आणि दर ₹५ ने कमी करा. हाही एक षष्ठांशच. वरची पट्टी झपकन लाल होते. शिल्लक जाऊन महिन्याला ₹१,८४३ तोटा!

म्हणजे गाळेवाल्याशी पाचशे रुपयांसाठी आठ दिवस घासाघीस करणारा माणूस गिऱ्हाइकाला मात्र 'चला, पाच कमी द्या' असं एका मिनिटात म्हणून जातो. कोणता आकडा धंदा बुडवू शकतो, ते बोटाला कळतं.

आता मुदत ६० महिने करा. हप्ता ₹४,४४९ वर येतो आणि जीव भांड्यात पडतो. पण एकूण व्याज सुमारे ₹३९,००० वरून सुमारे ₹६७,००० होतं. म्हणून व्याजाचा आकडा पट्ट्यांखाली लिहायलाच हवा. सोयीचं तेवढंच दाखवणारं चित्र म्हणजे जाहिरात, हिशोब नाही.

पावसाळा विसरू नका

मिरची-हळदीचं काम उन्हाळ्यात जोरात असतं. किलोचा स्लायडर २५० वर आणा. हातात ₹४,५०० येतात, तर द्यायचे ₹९,६४३ असतात. महिन्याला ₹५,१४३ खिशातून. असे चार महिने गेले तर ₹२०,५७२. बँकेचा हप्ता पाऊस बघून थांबत नाही. एवढी रक्कम उन्हाळ्यातच बाजूला काढावी लागेल, नाहीतर पावसाळ्यासाठी दुसरं काम शोधावं लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ६०० किलोला उरलेले ₹१,१५७ हा 'नफा' नाही, तो तुमचा महिन्याचा पगार आहे. घरासाठी निदान ₹१०,००० हवेत ना? किलोचा स्लायडर १,०९२ पर्यंत न्यावा लागतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ४२ किलो.

हे ४२ किलो रोज येतील का, ते स्क्रीन सांगणार नाही. त्यासाठी गावातल्या गिरणीसमोर आठवडी बाजाराच्या दिवशी उभं राहा, दुसऱ्या दिवशी साध्या वारीही उभं राहा आणि डबे-पिशव्या मोजा. लग्नसराईत एकदा मोजा, श्रावणात एकदा मोजा. ते आकडे स्लायडरवर लावा. दोन्ही वेळच्या पट्ट्या बघून घरच्यांसोबत बसा, मगच मशीनवाल्याला ॲडव्हान्स द्या.

पान बनवून झालं की मसाल्याच्या जागी तुमचा धंदा टाका : पिठाची गिरणी, शिलाई, झेरॉक्स, काहीही. स्लायडरची नावं बदलतील, फंक्शन तेच राहील. पुढच्या व्हिडिओत यालाच उधारीचा सहावा स्लायडर जोडू. तोपर्यंत दराचा स्लायडर एकदा डावीकडे नेऊन पट्टी कुठे लाल होते ते बघा आणि तो आकडा गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.