नोंद फील्डशेजारीच हवी

जावामध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आणि त्याची माहिती साठवणारा डेटाबेस यांची मांडणी मुळातच वेगळी असते. प्रोग्रॅममध्ये ग्राहक हा एक ऑब्जेक्ट असतो. त्याच्या पोटात पत्ता असतो, ऑर्डरींची यादी असते. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत मात्र सगळं टेबलांतल्या ओळी आणि कॉलममध्ये बसवावं लागतं. म्हणून ऑब्जेक्टमधलं कोणतं फील्ड कोणत्या कॉलममध्ये जायचं, हे कुठेतरी लिहून ठेवणं भाग असतं. ते कुठे लिहावं हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण पुढे तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांचे हाल होणार की नाहीत, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

गॅविन किंग यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या हायबरनेट या जावा लायब्ररीत ही जुळणी आधी वेगळ्या एक्सएमएल फाइलीत लिहावी लागे. फील्डचं नाव बदललं की ती फाइलही बदलायची. विसरलं तर कम्पायलर गप्प राही आणि चूक प्रोग्रॅम चालवतानाच उघडी पडे. 2004 मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत ॲनोटेशन, म्हणजे कोडमध्येच लिहायच्या @ने सुरू होणाऱ्या नोंदी, आली आणि 2006 मध्ये जेपीए या मानकाने ती याच कामाला जुंपली. फील्डच्या वरच्या ओळीत @कॉलम लिहून कंसात कॉलमचं नाव दिलं की जुळणी झाली. ॲनोटेशन स्वतः काही करत नाही. ती कम्पाइल झालेल्या क्लासमध्ये टिकून राहते; प्रोग्रॅम सुरू होताना हे मानक पाळणारं हायबरनेट ती वाचतं आणि त्यावरून एसक्यूएल तयार करतं.

यावर जाणकारांचा जुना आक्षेप आहे: व्यवहाराचे नियम सांगणाऱ्या क्लासला टेबलाची माहिती कशाला हवी? तत्त्वतः आक्षेप रास्त आहे, आणि एकच क्लास दोन वेगळ्या डेटाबेससाठी वापरायचा असेल तर तो प्रत्यक्षातही भेडसावतो. जेपीएने त्यासाठी वाट ठेवली आहे: एक्सएमएल फाइलीत लिहिलेली जुळणी ॲनोटेशनच्या वरचढ ठरते. पण एरवी कॉलम बदलतो तेव्हा बहुधा फील्डही बदलतं. जे एकत्र बदलतं ते एकत्र ठेवावं, हे मला जास्त पटतं.

खरा धोका न लिहिलेल्या ॲनोटेशनमध्ये आहे. ऑर्डरच्या स्थितीसाठी ‘नोंदवली, पाठवली, पोहोचली’ असा एनम (ठरावीक मूल्यांची यादी) केला आणि तो कसा साठवायचा हे सांगितलं नाही, तर जेपीए शब्द न ठेवता त्यांचे क्रमांक ठेवतं: 0, 1, 2. वर्षभराने कुणी ‘नोंदवली’च्या पाठोपाठ ‘रद्द’ घातलं, की जुन्या ओळींतला 1 ‘रद्द’ म्हणून वाचला जातो आणि 2 ‘पाठवली’ म्हणून. कुठेही एरर येत नाही. पाठवलेल्या सगळ्या जुन्या ऑर्डरी रद्द दिसू लागतात. @एन्युमरेटेड लिहून कंसात ‘स्ट्रिंग’ हा पर्याय दिला असता तर शब्दच साठले असते. मग पुढे एखाद्या स्थितीचं नाव बदलल्यावर जुनी ओळ वाचताना निदान एरर तरी आली असती. कॉलमच्या नावाचंही तेच. ते दिलं नाही, तर फील्डच्या नावावरूनच ठरतं. मग एडिटरमध्ये सहज केलेला नामबदल थेट एसक्यूएलपर्यंत पोहोचतो.

लिहिलेल्या ॲनोटेशनवरही गरजेपेक्षा जास्त विसंबू नये. @कॉलममध्ये दिलेली लांबी (न दिल्यास 255) हायबरनेटकडून टेबल बनवून घेताना उपयोगी पडते. टेबल आधीच हाताने बनवलेलं असेल, तर तिथे 50 अक्षरांचा कॉलम आणि क्लासमध्ये 255 हा आकडा खुशाल शेजारी नांदतात. म्हणून टेबल बदलणारी स्क्रिप्ट आणि बदललेला क्लास एकाच वेळी तपासणीला जायला हवेत, आणि चाचण्या ज्या डेटाबेसवर प्रोग्रॅम चालणार त्याच प्रकारच्या डेटाबेसवर घ्यायला हव्यात.